एकाच पोथीच्या दोन प्रती

गेल्या महिन्यांत ह्या सदराची जागा रिकामी राहिली. त्याचें कारण घरगुती होतें. आणि तें घरगुती कारणच आजच्या लेखाचा विषय असल्यामुळें त्याबद्दल वाचकांची निराळी क्षमा मागत बसत नाहीं.

श्रावणांत माझी थोरली बहीण नांदेडहून सेलूस आली. आम्ही सर्व तिला आक्का म्हणतों. सामान ओसरीवर ठेवून पाय धुण्याच्या आधींच ती मला म्हणाली, "बापू, मी मागणें घेऊन आलें आहें. तुझी धाकटी मला सून म्हणून दे." आक्काचा मुलगा पुण्यास नोकरीस आहे, माझी मुलगी छत्रपती संभाजीनगरास गणित शिकविते. दोघें लहानपणापासून एकमेकांस ओळखतात, आणि पुढें उघड झालें तें असें कीं, मागणें आक्काचें असलें तरी इच्छा मूळची त्या दोघांची होती. घरांत आनंदीआनंद झाला. आम्हां देशस्थांच्या घरीं मामाची मुलगी करण्यास कोणी नांवें ठेवीत नाहीं. उलट 'घरचीच पोर घरांत आली' म्हणून सासूस समाधान असतें. आमच्या मंडळींनीं तर त्याच सायंकाळीं पुरण शिजत घातलें.

मला मात्र रात्रीं झोंप लागली नाहीं. धाकटे काका आठवले.

धाकटे काका म्हणजे वडिलांचे सख्खे धाकटे भाऊ. उंची चार फूट दोन इंच. अंग सगळें प्रमाणांत; हात, पाय, डोकें, कशांतही विजोडपणा नाहीं; उंच माणसाचें चित्र लहान कागदावर उतरवून घ्यावें तसे ते दिसत. आवाज मुलासारखा बारीक. बुद्धि अशी तल्लख कीं बाजारांतले कापसाचे आडते आपले हिशेब त्यांच्याकडून तोंडीं करवून घेत. लग्न झालें नाहीं; कोणी केलेंच नाहीं. त्यांच्या उंचीबद्दल घरांत निरनिराळीं मतें होतीं. आजी म्हणे, पोटांत असतां ग्रहण पाहण्यांत आलें. थोरल्या काकू म्हणत, अंगावरचें दूध लवकर तुटलें. वडील कांहींच म्हणत नसत. आजी-आजोबांचें लग्नही आत्ये-मामे भावंडांतलेंच होतें, हें सर्वांस ठाऊक होतें. पण ह्या दोन गोष्टी एका दोऱ्यांत ओंवून पाहाव्या असें कोणास सुचलें नाहीं. मलाही सुचलें नव्हतें. तें त्या रात्रीं सुचलें.

माझें शिक्षण मॅट्रिक आणि पुढें पाठशाळा. शरीरशास्त्र मीं कधीं शिकविलें नाहीं. तेव्हां आमच्या परिचयाचे एक तरुण डॉक्टर आहेत त्यांच्या दारीं महिनाभर विद्यार्थी होऊन बसलों. त्यांनीं जें सांगितलें व वाचावयास दिलें, त्यांतून मला जें उमजलें तें लिहितों.

आमच्या जुन्या वाड्यांत तारवाला आला तर तो माजघरांत शिरत नसे. ओसरीवर कोणीतरी तार हातांत घेई, वाची, आणि आंत हांक मारी. मग आंत चूल पेटे, गोठ्यांतून बैल सुटत, अंथरुणें घातलीं जात. तार ओसरीवरच राही. आंत जाई ती नुसती हांक. आपल्या देहांतील व्यवहार पुष्कळसा ह्याच रीतीनें चालतो. देहांत सुमारें ३० लाख कोटि पेशी आहेत, आणि त्यांनीं एकमेकींस निरोप पाठविल्याखेरीज देह म्हणून कांहीं उभाच राहणार नाहीं. निरोप रक्तांतून येतो. त्यास संप्रेरक म्हणतात. पण बहुतेक निरोप पेशीच्या आंत जात नाहींत. पेशीच्या पडद्यांत बसविलेला एक प्रथिनाचा रेणू तो बाहेरच्या बाहेर धरतो आणि आंत हांक मारतो. ह्या रेणूस मराठी विज्ञानलेखकांनीं 'ग्राही' असें नांव दिलें आहे. 'ग्रह्' धातूपासून 'ग्राहिन्', त्याची प्रथमा 'ग्राही'. शब्द फार चांगला निवडला आहे. परिभाषेच्या सगळ्याच शब्दांविषयीं असें म्हणवत नाहीं.

पडद्यांतून सात वेळां आरपार गेलेल्या ग्राहींचें एक मोठें घराणेंच आहे. मनुष्याच्या देहांत त्याचे सुमारें ८०० प्रकार सांपडतात. त्यांच्या बाहेरच्या टोंकानें निरोप धरला कीं घडी किंचित् बदलते, आणि आंतल्या टोंकाशीं बसलेलें 'जी-प्रथिन' जागें होतें. जी-प्रथिनें शोधल्याबद्दल गिलमन व रॉडबेल ह्यांस १९९४ सालीं, आणि ह्या ग्राहींची रचना व कार्य उलगडल्याबद्दल लेफ्कोविट्झ व कोबिल्का ह्यांस २०१२ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

आतां उंचीकडे येतों. मेंदूच्या तळाशीं अधश्चेतक नांवाचा भाग आहे. तो खालीं लटकणाऱ्या वाटाण्याएवढ्या पोषग्रंथीस एक निरोप पाठवितो: 'वृद्धीचें संप्रेरक सोड.' हा निरोप म्हणजे ४४ अमिनो आम्लांची एक लहानशी माळ. ती १९८२ सालीं सांपडली. पोषग्रंथीच्या पेशींवर हा निरोप धरणारा खास ग्राही असतो. त्यानें हांक मारली म्हणजे ग्रंथि वृद्धिसंप्रेरक रक्तांत सोडते, तें यकृतास व हाडांस पोहोंचतें, आणि मूल वाढूं लागतें. आतां समजा, निरोप वेळेवर निघाला, पोषग्रंथि जाग्यावर आहे, हाडें वाढण्यास तयार आहेत, पण ओसरीवर निरोप घेणारा कोणीच नाहीं. मग काय होईल? मूल जन्मास येईल तें सामान्य मुलासारखेंच. पण पुढें त्याची वाढ मुंगीच्या पावलानें चालेल. अंग प्रमाणांत राहील, बुद्धि शाबूत राहील, आवाज बारीक राहील. आमचे धाकटे काका!

ओसरीवरच्या माणसाच्या खोड्या अनेक प्रकारच्या असूं शकतात, आणि प्रत्येकीचा रोग निराळा. कधीं वृद्धिसंप्रेरक भरपूर असतें, पण तें धरणारा पुढचा ग्राही मोडका असतो; इस्राएलमध्यें झ्वी लारॉन ह्यांनीं १९६६ सालीं वर्णन केलेला विकार हा असा. त्या मुलास वृद्धिसंप्रेरकाचें इंजेक्शन देणें व्यर्थ. कधीं ग्राही मूत्रपिंडांतला असतो; 'पाणी राखून ठेव' हा निरोप त्यास ऐकूं येत नाहीं, आणि मुलगा घागरीच्या घागरी पाणी पिऊन तितकेंच बाहेर टाकतो. ह्या विकाराचें जनुक बहुधा आईकडून येतें, आणि मुलींपेक्षां मुलांस बाधतें. आणि कधीं उलटाच प्रकार: हातपाय आंखूड व डोकें मोठें अशी जी ठेंगणी माणसें आपण पाहतों, त्यांच्या हाडांतील एक ग्राही गरजेपेक्षां जास्त बडबड्या असतो. 'वाढ थांबव' अशी हांक तो कोणी न सांगतां मारीत सुटतो. ही गोष्ट १९९४ सालीं कळली. त्यांत एकच प्रत बिघडलेली पुरते, आणि बहुतेक वेळां ती बिघाडी आईबापांत नसून मुलांतच नव्यानें झालेली असते. तेव्हां अशा मुलाच्या आईचें कूळ धुंडाळणाऱ्या शेजारणींनीं आपली जीभ आवरलेली बरी.

आतां 'प्रत' म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे.

प्रत्येक ग्राही कसा घडवावा ह्याची एक पोथी पेशींत असते; तिला जनुक म्हणतात. बहुतेक जनुकांच्या आपल्याजवळ दोन प्रती असतात, एक बापाकडची, एक आईकडची. ज्या ग्राहीविषयीं आपण बोलत आहों, त्याच्या पोथींत ४२३ अमिनो आम्लें ओळीनें लिहिलेलीं आहेत, आणि लिपि चारच अक्षरांची. तीन तीन अक्षरांचें एक पद. ७२ व्या जागेवरचें पद 'जी-ए-जी' असें आहे. त्याचा अर्थ ग्लुटामिक आम्ल. पूर्वीं केव्हां तरी, कोण्या एका पूर्वजाच्या प्रतींत, त्यांतील पहिल्या 'जी'च्या जागीं 'टी' पडला. झालें 'टी-ए-जी'. आणि 'टी-ए-जी' ह्याचा अर्थ जनुकांच्या भाषेंत 'इति'. लेखनिकानें ४२३ श्लोकांची पोथी उतरून घेतांना ७१ व्या श्लोकापुढें एक अक्षर चुकून 'समाप्त' असें लिहावें, आणि पुढच्या प्रत्येक लेखनिकानें तें निष्ठेनें उतरावें, तशांतला हा प्रकार. ग्राहीचा जो भाग पडद्यांतून जावयाचा तो ह्या जागेच्या पुढेंच असल्यामुळें, एवढ्या तुकड्याचा कांहींएक उपयोग होत नाहीं.

एक प्रत शुद्ध असेल तर तिच्यावरून काम भागतें; माणूस उंचापुरा होतो आणि आपल्याजवळ एक अशुद्ध प्रत आहे हें त्याच्या स्वप्नींही येत नाहीं. दोन्ही प्रती अशुद्ध निघाल्या तरच विकार.

हा शोध लागला तो प्रथम उंदरांत. अमेरिकेंतील एका प्रयोगशाळेंत १९७६ सालीं एक ठेंगण्या उंदरांचा वंश वर्णिला गेला होता; त्याचें मूळ ह्याच ग्राहींत आहे हें १९९३ सालीं कळलें. माणसांतला पहिला दाखला १९९६ सालीं प्रसिद्ध झाला, आणि तो आपल्याच देशांतल्या, नात्यांत लग्नें होत आलेल्या एका मुस्लिम कुटुंबाचा होता. तेथेंच ७२ व्या जागेवरचा हा 'इति' सांपडला. पुढें दोनच वर्षांच्या आंत सिंध प्रांतांतील शेजारशेजारच्या खेड्यांतल्या १८ ठेंगण्या माणसांचा अभ्यास शिकागोच्या बाउमन व माहेश्वरी ह्या डॉक्टरांनीं प्रसिद्ध केला. माहेश्वरी स्वतः सिंधचे. तेथील पूर्ण वाढलेल्या पुरुषांची उंची सरासरीनें सुमारें १३० सेंटिमीटर, म्हणजे सव्वाचार फूट. आणि चूक तीच, ७२ व्या जागेवरची. श्रीलंकेंतील एका तामिळ कुटुंबांत पुन्हां तीच. तिकडे ब्राझील देशांत इताबायानिन्या नांवाच्या गांवीं अशा शंभरांहून अधिक माणसांची वस्ती आढळली. ग्राही तोच, पण चूक निराळ्या जागची, आणि कारण तेंच: वर्षानुवर्षे आपसांत लग्नें.

आणि मुंबई. मुलांच्या संप्रेरक-विकारांचें काम ज्यांनीं परळच्या वाडिया बालरुग्णालयांत दीर्घकाळ केलें, त्या डॉ. मीना देसाई व त्यांचे सहकारी ह्यांनीं जपानी संशोधकांच्या साह्यानें पश्चिम भारतांतील अशा मुलांचीं जनुकें तपासलीं आणि २००५ सालीं आपला निबंध प्रसिद्ध केला. वृद्धिसंप्रेरकाचा अभाव ज्या घरांत एकाहून अधिक भावंडांत दिसतो, त्या घरांत हीच ७२ ची चूक ठळकपणें सांपडते असें त्यांस आढळलें. म्हणजे ही कोठल्या दूरदेशची गोष्ट नव्हे.

माझ्यासारख्या संस्कृताच्या मास्तरास ह्या प्रकरणांतला जो भाग सर्वांत गोड वाटला तो २००३ सालचा. कराचीकडची, मुंबईकडची आणि लंकेंतली माणसें, धर्म निराळे, भाषा निराळ्या, परस्परांत संबंध नाहीं. मग चूक तीच कशी? संशोधकांनीं भारतखंडांतल्या तीन वेगवेगळ्या कुळांतल्या त्या जनुकाच्या आजूबाजूचा मजकूर ताडून पाहिला, तों चुकीच्या अलीकडचे व पलीकडचे बारीकसारीक पाठभेदही जुळत होते. पुण्याच्या भांडारकर संस्थेंत महाभारताची चिकित्सक आवृत्ति करतांना सुखठणकरादि पंडितांनीं हेंच केलें होतें. दोन हस्तलिखितांत एकच विचित्र चूक आणि तिच्याभोंवतीं तेच पाठ सांपडले, कीं तीं दोन्हीं एकाच मूळ पोथीवरून उतरलेलीं. तसेंच हें. कोणी एक पूर्वज, ज्याचें नांवगांव आतां कोणास सांगतां येणार नाहीं, ह्या सर्वांचा समान आहे. त्याच्या मागून फाळण्या झाल्या, राज्यें बदललीं, देव बदलले. चूक मात्र अक्षरशः तशीच राहिली.

इतकें वाचून झाल्यावर मला आणखी एक गोष्ट आठवली. ती सांगावयास संकोच वाटतो, पण सांगतों.

वीस-बावीस वर्षांपूर्वीं एका शाळेंत माझ्या वर्गांत एक मुलगा होता. वय तेरा, दिसावयास सहा-सात वर्षांचा. अंग प्रमाणांत, बुद्धि चांगली, पाठांतर उत्तम. स्नेहसंमेलनांत मीं बलि-वामनाचा प्रवेश बसविला आणि त्यास वामन केलें. हातांत छत्री, कमरेस मुंज, गोड बारीक आवाज. प्रेक्षकांनीं टाळ्यांचा पाऊस पाडला. दुसऱ्या वर्षीं लोकाग्रहास्तव पुन्हां तोच प्रवेश, तोच वामन. तिसऱ्या वर्षींही. तिसऱ्या वर्षीं तें पहिल्या वर्षाचेंच पिवळें सोंवळें त्यास नेमकें बेताचें झालें, आणि आम्ही सर्व शिक्षक त्यावर हंसलों. सोळाव्या वर्षाच्या मुलास तेराव्या वर्षाचें वस्त्र कां बसावें, हा प्रश्न आमच्यापैकीं एकासही पडला नाहीं. मागें दोन वर्षांपूर्वीं तो मला रेल्वे स्टेशनावर भेटला. चार फुटांचा गृहस्थ, मिशी जेमतेम, स्वतःचें दुकान चालवितो. वांकून नमस्कार केला आणि हंसत म्हणाला, "सर, एक सांगूं? वामनाचा त्रिविक्रम व्हायचा तेव्हां तुम्हीं मला आंत घेत होतां आणि दहावीच्या त्या उंच मुलाला बाहेर काढत होतां. मी विंगेंतून बघायचो." तो सहज बोलला. गाडी आली, तो गेला.

त्यास काय विकार होता हें मला सांगतां येणार नाहीं. पण त्या काळीं औषध होतें, हें आतां मला ठाऊक झालें आहे. पूर्वीं हें संप्रेरक मृत माणसांच्या पोषग्रंथींतून काढीत. त्यापासून मेंदूचा एक भयंकर रोग होतो असें दिसून आल्यावर १९८५ सालीं तें बंद पडलें, आणि त्याच वर्षीं जंतूंकडून तयार करवून घेतलेलें शुद्ध संप्रेरक निघालें. ज्याच्या ग्राहींत दोष आहे त्याची ग्रंथि निरोप ऐकत नाहीं, म्हणून ग्रंथीनें जें सोडावयाचें तेंच बाहेरून, रोज रात्रीं, त्वचेखालीं टोंचावयाचें. मूल वाढूं लागतें, आणि चांगलें वाढतें. अट एकच: हाडांचीं टोंकें जुळून बंद होण्यापूर्वीं उपचार सुरू झाला पाहिजे. नंतर लाखों रुपये ओतले तरी एक बोट उंची मिळत नाहीं. चार वर्षांपासून वयांत येईपर्यंत मूल वर्षाला सुमारें पांच-सहा सेंटिमीटर वाढतें. ह्याहून बरेंच कमी वाढत असेल तर 'बापही उशिरां वाढला होता' असें म्हणून स्वस्थ न बसतां बालरोगतज्ज्ञाकडे न्यावें. कमी वाढीचीं इतर कारणेंच अधिक असतात; त्यांतलीं कित्येक साध्या औषधानें बरीं होणारीं असतात. उपचार महाग आहे, हें खरें. परंतु सरकारनें २०२१ सालीं दुर्मिळ रोगांविषयीं जें धोरण ठरविलें, त्याच्या यादींत वृद्धिसंप्रेरकाच्या सिद्ध झालेल्या अभावाचा समावेश आहे, आणि त्यासाठीं नेमलेल्या केंद्रांत मुंबईचें केईएम रुग्णालय आहे. सेलूहून रात्रीच्या गाडीस बसलें तर सकाळीं मुंबई.

असो. घरच्या गोष्टीकडे वळतों.

चौथ्या दिवशीं मीं आक्काला माजघरांत बसवून सर्व सांगितलें. ती संतापली. "आपल्या सात पिढ्यांत मामाच्या मुली केल्या आहेत. तेव्हां तुझे हे ग्राही कुठें होते?" मीं म्हटलें, तेव्हांही होते, म्हणून तर धाकटे काका झाले. मग तिनें शास्त्राचा आधार मागितला, आणि येथें मला बळ आलें, कारण हा माझा प्रांत.

बौधायनानें मामाची व आत्याची मुलगी करणें हा दक्षिणेकडचा आचार म्हणून नोंदविला आहे. मनूनें मात्र आत्या, मावशी व मामा ह्यांच्या मुलींशीं संबंध प्रायश्चित्तास पात्र ठरविला. याज्ञवल्क्यानें आईकडून पांचवी व बापाकडून सातवी पिढी ओलांडावी असें सांगितलें. आमच्यांतच माध्यंदिन शाखेचे लोक आईच्या माहेरचें गोत्रही टाळतात, ऋग्वेदी टाळीत नाहींत, आणि कोकणस्थांत मामाची मुलगी करण्याची चाल नाहीं. महाराष्ट्र उत्तर व दक्षिण ह्यांच्या रीतींच्या सांध्यावर कसा बसला आहे हें इरावतीबाई कर्वे ह्यांनीं १९५३ सालच्या आपल्या ग्रंथांत दाखविलेंच आहे. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यानेंही सपिंड-विवाह निषिद्ध ठरवून रूढीस वाट मोकळी ठेवली. म्हणजे शास्त्राचा आधार दोन्ही बाजूंस मिळतो.

पण मला मोलाचा वाटतो तो विज्ञानेश्वर. चालुक्यांच्या कल्याणीस, म्हणजे आतांच्या बिदर जिल्ह्यांतील बसवकल्याणास, त्यानें मिताक्षरा लिहिली. सेलूप्रमाणें तेंही गांव जुन्या हैदराबाद संस्थानांतलेंच. 'सपिंड' शब्दाचा अर्थ इतरांनीं श्राद्धाच्या भाताच्या पिंडावरून लाविला. ह्यानें तो देहाच्या अवयवांवरून लाविला. ज्यांच्या शरीरांत एकाच शरीराचे अंश उतरले आहेत ते सपिंड. ह्यावरून विज्ञानेश्वरास जनुकें ठाऊक होतीं असें मी मुळींच म्हणणार नाहीं. तसें म्हणण्याची हल्लीं जी टूम निघाली आहे तिचा मला कंटाळा आहे. पण प्रश्न त्यानें बरोबर जागीं विचारला होता. आम्ही मात्र गोत्र पाहतों, पत्रिकेंतली नाडी पाहतों, आणि घरांतला कोणता माणूस कां वाढला नाहीं, कोणतें मूल कां गेलें, हें विचारणें अशुभ समजतों.

त्यावर मी पाटी घेऊन गणित मांडूं लागलों. काकांस तोच विकार होता असें धरून चालूं. तर आजी व आजोबा दोघांजवळही एकेक अशुद्ध प्रत असली पाहिजे. वडील उंचेपुरे, त्यामुळें त्यांच्याजवळ एक अशुद्ध प्रत असण्याचा संभव ३ मध्यें २. ती आक्काकडे येण्याचा संभव निम्मा, तिच्याकडून मुलाकडे निम्म्याचा निम्मा. माझ्याकडून माझ्या मुलीकडे तसाच. चतुर्थांशाचा चतुर्थांश, म्हणजे १६ मध्यें १. दोघांजवळ ती निघालीच, तर एकेका मुलास दोन्ही अशुद्ध प्रती मिळण्याचा संभव ४ मध्यें १; म्हणून ६४ मध्यें १. त्यास दोन-तृतीयांशानें गुणिलें कीं ९६ मध्यें १. ह्याखेरीज इतर अज्ञात विकारांचा हिशेब निराळा: कोणत्याही सामान्य जोडप्याच्या १०० मुलांत २-३ मुलांस जन्मतः कांहीं गंभीर दोष असतो, आणि अशा सख्ख्या नात्यांत तें प्रमाण सुमारें दुप्पट होतें. म्हणजे बहुसंख्य मुलें धडधाकटच निपजतात, हेंही आक्कास सांगणें मला भाग होतें.

"शहाण्णवांत एक?" आक्का म्हणाली. "ह्याहून जास्त भीति मला नांदेडचा रस्ता ओलांडतांना वाटते."

मी निरुत्तर झालों. उत्तर दिलें तें मुलीनें; ती दाराशीं केव्हां येऊन उभी राहिली होती कोणास ठाऊक. ती म्हणाली, "बाबा, तुमचें गणित बरोबर आहे, पण तें माहिती नसतांनाचें गणित आहे. आमचें दोघांचें रक्त तपासलें तर ९६ राहणारच नाहीं. दोघांपैकीं एकाजवळ जरी ती प्रत नसली तर ह्या विकाराचा प्रश्न मिटला. दोघांजवळ निघाली तर तो आंकडा ४ मध्यें १ होईल. मग काय करायचें तें आम्ही ठरवूं." 'आम्ही' ह्या शब्दावर तिनें दिलेला जोर आक्काच्या ध्यानांत आला असावा; ती बराच वेळ कांहीं बोलली नाहीं.

भाद्रपदांत दोघें मुंबईस जाऊन आलीं. तेथील आनुवंशिकी-तज्ज्ञ बाईंनीं आमच्या घरची वंशावळ कागदावर चौकोन आणि वर्तुळें काढून मांडून घेतली, धाकट्या काकांविषयीं तासभर विचारलें, आणि रक्त घेतलें. काका हयात नसल्यामुळें त्यांची चूक हीच होती हें सिद्ध करतां येणार नाहीं. पण आपल्याकडे ७२ ची चूक वारंवार सांपडत असल्यामुळें प्रथम ती पाहावी, मग जनुक सबंध वाचून पाहावें, असें त्या म्हणाल्या. अहवाल यावयास कांहीं आठवडे लागतात.

आक्का अजून सेलूसच आहे. परवां दुपारीं ती मागल्या खोलीच्या दाराशीं कंदील धरून बसलेली दिसली. त्या दाराच्या सागवानी चौकटीवर आजोबा दर पाडव्यास मुलांची उंची चाकूनें कोरून ठेवीत. रंगाचे थर चढले तरी खुणा अजून चांचपतां येतात. डाव्या बाजूस वडिलांच्या, एकमेकींपासून तीन-तीन बोटें अंतरावर. उजवीकडे धाकट्या काकांच्या. आक्कानें त्या बोटांनीं मोजल्या, आणि मला हांक मारून म्हणाली, "बापू, एकेक बोट रे." तेवढेंच म्हणाली. मग उठून तिनें शिंप्याची टेप मागविली आणि सर्व आंकडे एका वहींत लिहून मुंबईच्या बाईंकडे पाठविण्यास माझ्या स्वाधीन केले.

अहवाल आला म्हणजे तो ह्या सदरांत कळवावयाचा कीं नाहीं, हें मुलीस विचारून ठरवीन.